कुंडीतल्या पिंपळाचे पान काय सांगते?

हिवरखेडसारख्या गावी अंगणात जागा नसली, तर पिंपळ कुंडीतही लावता येतो. त्याचे कोवळे पान तांबूस निघते. तो रोग नव्हे. हरितद्रव्य भरले की ते हिरवे होते.

पण नवे पान पिवळे आणि शिरा हिरव्या दिसल्या, तर लोह कमी पडते. चुनखडीच्या काळ्या मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. पानगळीचे दिवस नसताना जुनी पाने आधी पिवळी पडली, तर बहुधा नत्राची उणीव. कडा करपल्या, तर खारे पाणी किंवा उन्हाची झळ. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात बोअरचे पाणी जपून घाला. काळी माती पाणी धरते, मुळे कुजतात. म्हणून वाळू व शेणखत मिसळा, कुंडीला भोक ठेवा.

भगिनींनो, महागडे औषध आणण्याआधी पान वाचा, रोप वाचेल.