अपडेटमध्ये नेमकं बदललं काय? लिनक्सवर काही ओळींची स्क्रिप्ट देते उत्तर

लिनक्सवर अपडेटची यादी आली की बहुतेक जण न वाचताच ‘हो’ म्हणतात. मार्च २०२४ मध्ये या सवयीने अनेकांची झोप उडवली. फाइल दाबून लहान करणाऱ्या ‘एक्सझेड’च्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरवाट पेरलेली निघाली. एसएसएच लॉगिनला जेमतेम अर्धा सेकंद जास्त का लागतोय, याचा माग काढताना आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला ती सापडली. मग सिस्टीम अ‍ॅडमिनसमोर एकच प्रश्न होता: आपल्या मशीनवर कोणती आवृत्ती आहे आणि ती आली कधी?

याची नोंद डिस्कवरच असते. डेबियन आणि उबुंटूमध्ये पॅकेजसोबत त्याचा चेंजलॉग येतो आणि ‘यूएसआर’मधल्या ‘शेअर’, त्यातल्या ‘डॉक’ फोल्डरात पॅकेजच्या नावाखाली झिप होऊन पडून राहतो. ताजी नोंद सर्वांत वर. त्यात आवृत्ती, बदल, करणाऱ्याचं नाव, तारीख आणि सुरक्षेची त्रुटी बुजवली असेल तर सहसा तिचा सीव्हीई क्रमांक. फक्त तो लांबलचक पत्ता दरवेळी कोण टाइप करणार?

स्क्रिप्टमध्ये काय लिहायचं?

पॅकेजचं नाव घ्यायचं, त्यावरून पत्ता तयार करायचा आणि फाइल असेल तर ‘झेडलेस’ने उघडायची. ही कमांड झिप न सोडवताच मजकूर पानापानाने दाखवते. फाइल नसेल तर ‘एप्ट चेंजलॉग’ कमांडने नेटवरून मागवायची. एक खाचखळगा: फाइलच्या नावात बहुतेकदा ‘डेबियन’ शब्द असतो, पण खास डेबियनसाठीच लिहिलेल्या पॅकेजांत तो नसतो. दोन्ही नावं तपासली नाहीत तर खुद्द ‘एप्ट’चाच चेंजलॉग डिस्कवर सापडत नाही! फेडोरावाल्यांना हा खटाटोप नाही. तिथे ‘आरपीएम’च्या एका पर्यायात काम होतं.

डिस्कवरची नोंद मात्र आधीच बसवलेल्या आवृत्तीची असते. अपडेट करण्यापूर्वी बघायचं तर थेट ‘एप्ट चेंजलॉग’च चालवावं लागतं.

चेंजलॉग वाचून एक्सझेडची चोरवाट पकडता आली असती का? नाही. पेरणारा ती लिहून ठेवत नाही. पण दुरुस्ती लगेच दिसली. पॅकेज मॅनेजर आपणहून लहान क्रमांकाकडे जात नाही, म्हणून डेबियनने जुनाच कोड ‘५.६.१+रिअली५.४.५’ अशा क्रमांकाने पाठवला.