आकार एकीकडचा, मांडणी दुसरीकडची

कापडाची, भिंतीवरच्या कागदाची किंवा फरशीची नक्षी काढायला बसलं की पहिला प्रश्न पडतो: काढायचं काय? मग मोर, कमळ, कोयरी, हत्ती ही नेहमीची मंडळी हजर होतात. त्यांच्याशी भांडण नाही, पण नुसत्या मोरावर नक्षी उभी राहत नाही. पुन्हा पुन्हा येणाऱ्या नक्षीत दोन गोष्टी असतात. एक आकार; आणि दुसरी, तो आकार शेजाऱ्यापासून किती अंतरावर, कुठे तोंड करून बसलाय ती मांडणी. बहुतेक जण आकारासाठी गावभर हिंडतात आणि मांडणी कंप्युटरवर सोपवतात. या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या शोधाव्यात आणि शक्यतो वेगवेगळ्या ठिकाणांहून उचलाव्यात, असं माझं मत. त्यासाठी म्हैसूर फार सोयीचं गाव आहे.

आकारांसाठी देवराज मार्केटमध्ये जा. भौगोलिक मानांकन मिळालेल्या म्हैसूरच्या दोन गोष्टी, मल्लिगे हे इथलं गजऱ्याचं फूल आणि विड्याचं पान, नक्षी काढणाऱ्याच्या कामाच्या आहेत. पान घ्या आणि नीट बघा. देठापाशी दोन्ही बाजूंना गोलाई, टोकाला किंचित वळलेली अणी, आणि देठाजवळून निघून कडेला समांतर धावणाऱ्या शिरा. या शिरांमुळे पानाला दिशा मिळते, आणि दिशा असलेला आकार नक्षीत कामाला येतो. पूर्ण गोल आकार कुठेही ठेवा, तसाच दिसतो. पान फिरवलं की चित्र बदलतं.

फूलवाल्यांचे हातही बघत उभं राहावं. दोन कळ्या इकडे तोंड करून, दोन तिकडे, मधे केळीच्या सोपाची गाठ, लगेच पुढची जोडी. हाताच्या मापाने विकला जाणारा हा गजरा म्हणजे तयार काठ आहे: एक जोडी काढा आणि सरकवत न्या. मोकळी जागा जवळपास शून्य, म्हणूनच तो भरदार दिसतो.

मांडणीसाठी मात्र गावाबाहेर पडायचं. म्हैसूरपासून सुमारे ३५ किलोमीटरवर सोमनाथपूरचं केशव मंदिर आहे. होयसळ राजा तिसरा नरसिंह याच्या काळात, १२५८ मध्ये, सोमनाथ दंडनायकाने ते उभारलं; २०२३ पासून बेलूर आणि हळेबीडच्या मंदिरांबरोबर ते जागतिक वारसा यादीत आहे. लोक मूर्ती बघायला जातात. आपण खाली, जोत्यालगतच्या आडव्या पट्ट्यांकडे बघायचं. सगळ्यांत खाली हत्ती, मग घोडेस्वार, त्यावर वेल, मग पुराणकथा, मकर आणि हंस. तारेसारख्या आराखड्यामुळे भिंत सारखी कोन करते आणि तिच्याबरोबर पट्ट्याही वळतात.

वेलीपाशी थांबा. देठ लाटेसारखा वर जातो, खाली येतो. प्रत्येक चढाउतारात एक फांदी आत वळून वेटोळं घालते. एक वेटोळं वर, पुढचं खाली. आकार पुढे सरकतो आणि त्याच वेळी उलटा होतो. गौरी-गणपतीत उंबऱ्यापासून काढतो त्या पावलांसारखं: डावं, उजवं, डावं, उजवं. गणिती हिशेबाने पट्टीवरच्या अशा मांडण्या सातच प्रकारच्या असू शकतात. चारी दिशांना पसरणाऱ्या नक्षीच्या सतरा, हे रशियन स्फटिकशास्त्रज्ञ फ्योदोरोव्ह यांनी १८९१ मध्ये दाखवून दिलं. ते पाठ करायची गरज नाही, पण दिलासा मोठा आहे: आकार अगणित, मांडण्या मोजक्या. त्या ओळखता आल्या की उचलता येतात.

हत्तींची पट्टी आणखी एक गोष्ट शिकवते. पावलांची लय एकच, पण एकाची सोंड दुसऱ्यासारखी नाही. छापाच्या नक्षीत एवढी चैन परवडत नाही. तरी एका तुकड्यात तीन पानं असतील तर तिन्ही थोडी वेगळी काढावीत. डोळ्याला तुकडा कुठे संपला हे चटकन कळू नये, यातच अर्धी कारागिरी आहे.

वाटेत श्रीरंगपट्टणचा गुंबज पाहावा. टिपूने वडिलांसाठी बांधलेल्या या कबरीच्या आतल्या भिंतींवर वाघाचे पट्टे रंगवलेत. टिपूच्या सैनिकांच्या पोशाखावरही हीच बब्री, म्हणजे वाघपट्ट्यांची, नक्षी असे. एकटा पट्टा म्हणजे दोन्ही टोकांना निमुळता, वाकडा फराटा. त्याला काही अर्थ नाही. शेजारी शेजारी ठेवले की वाघ. पट्ट्यांइतकंच काम तिथे मधल्या रिकाम्या जागेचं आहे. म्हणून वहीत आधी फक्त मधल्या जागा काढून बघा, आकार आपोआप उरतील. फोटो काढून हे कळत नाही, हाताने काढावं लागतं.

म्हैसूरचा राजवाडा चुकवू नका, पण तिथे जपून. जुना लाकडी वाडा १८९७ मध्ये जळाला, त्यानंतर हेन्री आयर्विनच्या आराखड्यावर आजचा उभा राहिला तो १९१२ मध्ये. अष्टकोनी कल्याण मंडपाच्या रंगीत काचेच्या छतावर मोर आहेत, अनवाणी पायांखालच्या फरशीतही मोर. छताची नक्षी मध्याभोवती फिरते: एक फाक काढली की ४५ अंशांनी फिरवत आठ वेळा ठेवायची. हे देखणं असलं तरी साडीच्या अंगावर तसंच उचलून ठेवता येत नाही. अष्टकोन एकमेकांना चिकटवले की मधे चौकोन उरतो, त्याची वेगळी सोय लावावी लागते. शिवाय काचेचे तुकडे धातूच्या पट्ट्यांत बसतात म्हणून त्या मोराला जाड बाह्यरेषा आहे. पैठणीतला बांगडी मोर धाग्याधाग्याने विणतात, म्हणून त्याची कड पायरीपायरीने जाते. पक्षी एकच, पण माध्यमाने त्याला दोन अंगं दिली.

आता जुळवाजुळव. आकार बाजारातल्या पानाचा घेऊ आणि मांडणी दारातल्या रांगोळीची. म्हैसूरच्या दारांतही ठिपक्यांची रांगोळी असते, आणि ‘अकरा ते सहा’ ठिपके आपल्याकडे कुणाला सांगावे लागत नाहीत: मधल्या ओळीत ११, वर आणि खाली १०, ९ असं करत ६. इथे प्रत्येक ठिपका आधीच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मधे येतो आणि त्याला सहा शेजारी मिळतात. सरळ चौकटीत पानं ठेवली तर डोळ्याला आधी रांगा दिसतात; ठिपके असे सरकवले की पानं विखुरल्यासारखी वाटतात. छपाईवाले ज्याला हाफ-ड्रॉप म्हणतात, तो यातलाच प्रकार: शेजारचा उभा रकाना अर्ध्या उंचीने खाली सरकवायचा.

तुकडा मात्र कागदावर करावा. १६ सेंटिमीटरचा चौरस घ्या, मागे चार कोपऱ्यांत क, ख, ग, घ लिहा, म्हणजे कापल्यावर भागांची गल्लत होणार नाही. मधोमध दोन-तीन पानं काढा, कडांना हात लावू नका. कागद उभा मधोमध कापा, डावा भाग उजवीकडे आणि उजवा डावीकडे ठेवून मागून चिकटपट्टी लावा. मग आडवा कापा आणि वरचा भाग खाली, खालचा वर. आता चित्र कोपऱ्यांत गेलं आणि मधली जागा मोकळी झाली. ती भरा, पुन्हा कडा सोडून. तुकडा तयार. चार झेरॉक्स काढून शेजारी ठेवा, समोरासमोरच्या कडा जुळतातच, कारण त्या एकाच कापाच्या दोन बाजू आहेत. हाफ-ड्रॉप हवा असेल तर नियम बदलतो: उजव्या कडेवर वरच्या अर्ध्यात बाहेर पडणारा देठ डाव्या कडेने खालच्या अर्ध्यात आत यायला हवा.

झेरॉक्स भिंतीला लावून लांबून, डोळे बारीक करून बघा. हमखास एखादी पांढरी गल्ली तिरकी धावताना दिसेल, किंवा एकच गडद पान ठरावीक अंतराने डोळ्यात घुसेल. गल्लीत एक कळी टाका, गडद पान हलकं करा. चांगल्या तुकड्यालाही हे दोन-तीनदा करावं लागतं.

शेवटी यंत्राचं माप, जे खरं तर आधीच विचारून ठेवावं. छपाईच्या नेहमीच्या रोटरी स्क्रीनचा घेर ६४ सेंटिमीटर असतो, त्यामुळे तुकड्याची उंची त्याला पूर्ण भागणारी हवी: ६४, ३२, १६. विणायचं असेल तर हिशेब जॅकार्ड मागाच्या, धागे उचलणाऱ्या हुकांचा. नलवडी कृष्णराज वडियार यांनी १९१२ मध्ये सुरू केलेल्या रेशीम कारखान्यातून निघणाऱ्या म्हैसूर सिल्कचं अंग बहुधा साधंच असतं, नक्षी जरीच्या काठात. समजा काठाला २४० हुक आहेत आणि इंचाला ८० धागे, तर तुमच्या पानाला रुंदी मिळाली तीन इंच. देठ त्यातच बसवायचा.