एक मिलिमीटर, एक टँकर

एक किलोमीटर लांब आणि दहा मीटर रुंद रस्ता घ्या. त्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी जमतं, म्हणजे बरोबर एक टँकर. हा हिशेब एकदा डोक्यात बसला की मुंबई-पुण्याच्या खड्ड्यांसाठी दिली जाणारी पावसाची नेहमीची सबब पटेनाशी होते.

पुण्यात वर्षाकाठी साडेसातशे मिलिमीटरच्या आत-बाहेर पाऊस होतो, म्हणजे किलोमीटरमागे साडेसातशे टँकर. मुंबईत सांताक्रूझला २६ जुलै २००५ रोजी चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर कोसळला. पुण्याचा रस्ता वर्षभरात पितो त्याहून जास्त पाणी मुंबईच्या रस्त्यावर एका दिवसात आलं! आणि रत्नागिरीत दरसाल तीन हजार मिलिमीटरहून अधिक पडतो. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाणारा आरे-वारेचा सागरी रस्ता दर पावसाळ्यात पुण्याच्या चौपट पाणी झेलतो, शिवाय बारा महिने खारा वारा.

आता वेग बघा. वाहतूक मोजणाऱ्या टॉमटॉम कंपनीच्या २०२४ च्या पाहणीत संथ वाहतुकीत पुणे जगात चौथं आलं: दहा किलोमीटरला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद. मुंबईत तेच अंतर साडेएकोणतीस मिनिटांचं. ताशी वेग काढला तर पुणे १८, मुंबई २०. रोज दहा किलोमीटर जाऊन परत येणारा पुणेकर वर्षातले ३०० दिवस कामावर गेला, तर त्याचे ३३३ तास, म्हणजे जवळजवळ चौदा अख्खे दिवस-रात्र रस्त्यावरच जातात. मुंबईकराचे बारा. आरे-वारेला डोंगर चढायचा, समुद्राच्या बाजूने वळणं घेत उतरायचं, समोरून एसटी आली तर दबून थांबायचं. तरीही तीसच्या बेताच्या वेगाने दहा किलोमीटर वीस मिनिटांत होतात.

शहरांतल्या या संथपणाचं कारण उघड आहे. मुंबईत महापालिकेचे रस्ते सुमारे २,००० किलोमीटर आणि नोंदलेली वाहनं ४५ लाखांहून अधिक. दुचाकी-चारचाकी धरून सरासरी पावणेतीन मीटर लांबी मानली, तर शहरातल्या प्रत्येक रस्त्यावर, गल्लीबोळांतसुद्धा, गाड्यांच्या सहा-सहा रांगा लागतील. पुण्यात वाहनं ४० लाखांच्या घरात आणि रस्ते जेमतेम १,४०० किलोमीटर. तिथे अडीच मीटरच धरले तरी सात रांगा होतात.

गर्दीचं कारण असं आकड्यांतच सापडतं. खड्ड्यांचं मात्र पावसात सापडत नाही, नाहीतर या तिघांत सगळ्यात कमी पावसाच्या पुण्यात खड्ड्यांची ओरड झालीच नसती. डांबराला पडणारं पाणी मारत नाही, साचलेलं मारतं. ते फटीतून खडीत शिरतं, वरून चाक गेलं की दाबाने खडी सुटते. डोंगरउतारावर पाणी कडेच्या गटारात उतरतं, मोरीखालून पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, लागतं आणि थेट समुद्र गाठतं. मोरी तुंबली की कोकणातला रस्ताही उखडतो. शहरात आपण पाण्याच्या वाटा बुजवल्या, केबलसाठी रस्ता खणला आणि वरवर माती लोटून दिली.

तेव्हा तुमच्या प्रभागात नवा रस्ता होत असेल, तर डांबराचा थर किती इंचांचा हे जरूर विचारा, पण त्याआधी विचारा की पाणी कुठे जाणार. आणि मे संपायच्या आत आपल्या गल्लीतलं गटार मोकळं आहे का, ते स्वतः जाऊन बघा.