टांकसाळ, अवस्था आणि दुर्मिळता : मॉर्गन डॉलरचे उदाहरण

जुन्या नाण्याची दुर्मिळता ठरविताना ते मुळात किती पाडले गेले, हा प्रश्न प्रथम विचारला जातो. अमेरिकेच्या रौप्य डॉलरांवरून मात्र असे दिसून येते की, नाणे कोणत्या टांकसाळीतून निघाले व कोणत्या अवस्थेत टिकले, हे मूळ संख्येइतकेच, किंबहुना अधिक निर्णायक असते.

1878 च्या ब्लँड-ॲलिसन कायद्यान्वये अमेरिकन सरकारला दरमहा 20 ते 40 लक्ष डॉलर किमतीची चांदी खरेदी करून तिची नाणी पाडणे भाग पडले. जॉर्ज मॉर्गन यांनी रेखाटलेला हा डॉलर 1878 ते 1904 आणि पुन्हा 1921 मध्ये चलनासाठी निघाला. त्याचे वजन 26.73 ग्रॅम असून त्यात नऊ दशांश चांदी असते. मागील बाजूस पर्णमालेखाली टांकसाळीचे चिन्ह आढळते : न्यू ऑर्लीन्सचे ‘ओ’, सॅन फ्रान्सिस्कोचे ‘एस’, कार्सन सिटीचे ‘सीसी’ आणि केवळ 1921 मध्ये डेन्व्हरचे ‘डी’. फिलाडेल्फियाच्या नाण्यांवर चिन्ह नसते.

अवस्थेचे मोजमाप 1 ते 70 अशा श्रेणीने होते. 60 व त्यावरील श्रेणी चलनात न आलेल्या नाण्यांस दिली जाते. झीज प्रथम दिसते ती कानावरील केसांत व गरुडाच्या छातीवर. तथापि न वापरलेली नाणीही हजार-हजारांच्या पिशव्यांत एकमेकांवर घासत असल्याने त्यांच्या गालावर ओरखडे उमटलेले असतात. श्रेणी ठरविताना झीज आणि ओरखडा यांतील भेद ओळखावा लागतो.

1884 या एकाच वर्षाची तुलना उद्बोधक आहे. सॅन फ्रान्सिस्को येथे 32 लक्ष, तर कार्सन सिटी येथे सुमारे 11 लक्ष 36 हजार डॉलर पाडले गेले. परंतु कार्सन सिटीची साडेनऊ लक्षांहून अधिक नाणी सरकारी तिजोरीत पडून राहिली व 1972 पासून झालेल्या विक्रीत संग्राहकांच्या हाती आली. सॅन फ्रान्सिस्कोची नाणी चलनात फिरली. झिजलेली सहज मिळतात, पण न वापरलेले नाणे अत्यंत दुर्मिळ आहे.

या प्रश्नाचा भारताशीही संबंध आहे. पहिल्या महायुद्धात नोटांच्या बदल्यात रुपये देण्यास सरकारजवळ चांदी अपुरी पडू लागली. तेव्हा 1918 च्या पिटमन कायद्यान्वये अमेरिकेने 27 कोटींहून अधिक डॉलर वितळविले आणि त्यांतील बहुतांश चांदी भारतातील रुपयांसाठी ब्रिटनला विकली. कोणत्या वर्षाचे व टांकसाळीचे किती डॉलर वितळले, याची नोंद मात्र ठेवली गेली नाही.

त्यामुळे टांकसाळीचे आकडे निर्मितीचा पुरावा ठरतात, अवशेषांचा नव्हे. तो पुरावा प्रत्यक्ष नाण्यांवरील चिन्ह व झीज यांतूनच मिळवावा लागतो.