झोळी नवी, जबाबदारी जुनीच

जिल्हा परिषदेच्या शाळेला कुंपणाची भिंत हवी असो, की शहरातील विद्यालयाच्या प्रयोगशाळेत साहित्य कमी पडत असो, पालकांनी वर्गणी काढावी आणि निकड भागवावी, ही आपल्याकडील जुनी रीत आहे. पूर्वी या कामासाठी पावतीपुस्तक काखोटीला मारून दोघे-तिघे दारोदार हिंडत. आता मोबाइलवर निवेदन येते, खाली शाळेचे छायाचित्र असते, अपेक्षित रक्कम आणि आतापर्यंत जमलेली रक्कम यांचे आकडे असतात आणि घरबसल्या पैसे पाठविण्याची सोय असते. इंग्रजीत याला क्राउडफंडिंग म्हणतात. आपण त्यास समूहनिधी म्हणू. हे साधन स्वागतार्ह की संशयास्पद, असा वाद पालकसंघांच्या बैठकांतून ऐकू येतो. साधनाच्या गुणदोषांचा तो वाद निष्फळ आहे. ते कोणत्या कामाला लावावयाचे, त्याचा हिशेब कोणी कोणाला द्यावयाचा आणि त्याच्या आडून कोण आपले कर्तव्य टाळू पाहतो, या तीन प्रश्नांचा विचार आधी झाला पाहिजे.

अनेकांच्या अल्पशा देणग्यांतून मोठे काम उभे करण्याची कल्पना इंटरनेटबरोबर जन्मास आलेली नाही. न्यूयॉर्क येथील स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचा चौथरा निधीअभावी रखडला, तेव्हा १८८५ मध्ये जोसेफ पुलित्झर यांनी आपल्या वृत्तपत्रातून आवाहन केले. लाखाहून अधिक लोकांनी लाखाहून अधिक डॉलर दिले. त्यांतील बहुतेकांची देणगी एका डॉलरपेक्षाही कमी होती. दिलेल्या प्रत्येकाचे नाव छापण्याचे पुलित्झर यांचे वचन होते. आपल्याकडे अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना मांडली. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा, एवढीच मागणी. लोकमान्य टिळकांनी तिचा पुरस्कार केला आणि त्या पैशापैशातून १९०८ मध्ये तळेगावचा काच कारखाना उभा राहिला. या दोन्ही उदाहरणांत दोन गोष्टी समान आहेत. देणगी लहान होती म्हणून ती अपमानास्पद मानली गेली नाही. आणि पैसा कशासाठी मागितला जात आहे, हे देणाऱ्याला नेमके ठाऊक होते.

मग नवे काय आहे? अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर व्यवहारखर्च घटला आहे. दहा रुपयांची वर्गणी आणण्यासाठी पूर्वी माणसाचा तासभर वेळ खर्ची पडत असे; त्यामुळे लहान देणगी मागणेच परवडत नसे. भारतात २०१६ मध्ये यूपीआयची व्यवस्था आली आणि त्या मार्गाने होणाऱ्या व्यवहारांवर व्यापाऱ्याकडून घेतले जाणारे शुल्क २०२० च्या जानेवारीपासून शून्य करण्यात आले. परिणामी दहा रुपये पाठविणे आणि दहा हजार पाठविणे यांतील श्रम सारखेच झाले. गाव सोडून पुण्या-मुंबईस, बडोद्यास किंवा समुद्रापार गेलेला माजी विद्यार्थीही आवाक्यात आला.

दुसरा लाभ अधिक सूक्ष्म आहे. शाळेची भिंत ही सर्वांच्या उपयोगाची वस्तू. वर्गणी न देणाऱ्याच्या मुलालाही तिचा लाभ मिळतोच. त्यामुळे 'इतर देतील, आपण कशाला?' असे प्रत्येकास वाटते. शिवाय देऊ इच्छिणाऱ्यासही शंका असते की, इतरांनी न दिल्यास आपले पैसे वाया जातील. २००९ मध्ये सुरू झालेल्या किकस्टार्टर या अमेरिकी संकेतस्थळाने या दुसऱ्या शंकेवर एक तोडगा रूढ केला. ठरविलेल्या मुदतीत ठरविलेली संपूर्ण रक्कम जमली तरच पैसे घ्यावयाचे. एरवी कोणाकडूनही काही घ्यावयाचे नाही. सर्वच संकेतस्थळे हा नियम पाळीत नाहीत. पुष्कळशी जमेल तेवढी रक्कम मागणाऱ्याच्या हाती देतात. परंतु अर्धवट भिंतीला काही अर्थ नसतो, हे ओळखणाऱ्या पालकसंघाला हा नियम स्वतःपुरता पाळता येईल.

येथवर सर्व ठीक. अडचण पुढे आहे. समूहनिधी गरजेच्या प्रमाणात जमत नाही, तो ओळखीच्या प्रमाणात जमतो. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. शहरातील एका विद्यालयात १,२०० विद्यार्थी आहेत. पालक डॉक्टर, अभियंते, बँकेतील अधिकारी. प्रत्येकाने ५०० रुपये दिले तर ६ लाख रुपये सहज उभे राहतात. दुसरीकडे डोंगराळ तालुक्यातील वस्तीवरची शाळा. विद्यार्थी ४०, पालक शेतमजूर. प्रत्येकी ५० रुपये, तेही ओढाताण करून, दिले तर जमतात २,००० रुपये. समग्र शिक्षा योजनेच्या निकषांनुसार एवढ्या पटाच्या सरकारी शाळेला मिळणारे वार्षिक संयुक्त अनुदान २५,००० रुपयांचे आहे. म्हणजे जेथे प्रयोगशाळा आधीच आहे तेथे दुसरी होते आणि जेथे स्वच्छतागृहाला दार नाही तेथे ते तसेच राहते. वस्तीवरच्या शाळेने आपले निवेदन सर्व जगापुढे ठेवले तरी ते वाचणार कोण? देणगीदार बहुधा ओळखीच्या माणसाच्या शब्दावर देतो. आणि त्या पालकांच्या ओळखीची माणसे त्यांच्यासारखीच असतात.

अमेरिकेत पालक-शिक्षक संघांची परंपरा १८९७ पासूनची आहे आणि तेथील अनुभव या बाबतीत बोलका आहे. ओरेगॉन राज्यात १९९० मध्ये मालमत्ता करावर मर्यादा घालण्यात आली. शाळांचा पैसा आटला, तेव्हा पोर्टलंड शहरातील पालकांनी शाळानिहाय निधी उभारून त्यातून शिक्षकांचे पगार देण्यास प्रारंभ केला. संपन्न वस्त्यांतील शाळांना जादा शिक्षक मिळू लागले. हे असमान आहे, हे ध्यानी आल्यावर तेथील शाळा मंडळाने नियम केला : पहिल्या १०,००० डॉलरनंतर जमलेल्या रकमेचा एकतृतीयांश भाग सामाईक निधीत भरावयाचा आणि तो गरजू शाळांना द्यावयाचा. हा तोडगा बरीच वर्षे चालला. तरीही विषमता मिटली नाही. अखेर २०२४ मध्ये मंडळाने शाळानिहाय निधीतून शिक्षक नेमण्याची पद्धतच थांबविण्याचा निर्णय घेतला. पालकांची सदिच्छा ही सार्वजनिक शिक्षणाच्या अर्थव्यवस्थेचा पाया होऊ शकत नाही, हा धडा श्रीमंत देशालाही तीन दशकांनी शिकावा लागला.

आपल्याकडे या धोक्याचे स्वरूप अधिक गंभीर आहे. कोठारी आयोगाने (१९६४-६६) शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च व्हावा असे सुचविले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तेच उद्दिष्ट पुन्हा उच्चारले. याचाच अर्थ मधल्या अर्धशतकात ते गाठले गेले नाही. अशा स्थितीत लोकवर्गणीचे कौतुक करणे सत्तेवर असणाऱ्यांना नेहमीच सोयीचे असते. गावाने शाळा डिजिटल केली की सत्काराला पाहुणे येतात. त्याच शाळेचे वीजबिल थकले की कोणी फिरकत नाही. पडदा आणि संगणक ही एकवेळची खरेदी असते, वीज आणि दुरुस्ती हा दरमहाचा खर्च असतो. समूहनिधी पहिल्यासाठी उत्साहाने मिळतो, दुसऱ्यासाठी मिळत नाही. शिवाय, लोक देतातच असे दिसले की अंदाजपत्रकातील तरतूद कमी करण्याचा मोह होतो. तसे झाले तर देणगीमुळे शाळेची एकूण साधनसंपत्ती वाढतच नाही; केवळ सरकारचा खर्च वाचतो आणि तो भार, कर भरून झालेल्या नागरिकाच्या खांद्यावर दुसऱ्यांदा पडतो.

'ऐच्छिक' या शब्दाचीही तपासणी केली पाहिजे. शिक्षण हक्क कायद्याने (२००९) प्रवेशाच्या वेळी अधिसूचित शुल्काखेरीज कोणत्याही नावाने देणगी घेण्यास मनाई केली आहे आणि तसे केल्यास घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. परंतु वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर देणाऱ्यांची नावे आणि आकडे रोज झळकू लागले की न देणाऱ्याची यादी आपोआप तयार होते. कारकुनी करून संसार चालविणाऱ्या बापाला महिनाअखेरीस ही यादी पाहताना काय वाटत असेल आणि त्याच्या मुलाला दुसऱ्या दिवशी वर्गात काय ऐकावे लागत असेल, याचा विचार गटप्रमुखांनी करावा. यादीच्या लाजेपोटी दिलेली वर्गणी ऐच्छिक म्हणवत नाही.

याहून क्लेशदायक बाब छायाचित्रांची आहे. अनवाणी मूल, फाटका गणवेश, डोळ्यांत पाणी अशी चित्रे निवेदनात टाकली की पैसे लवकर जमतात, असा सल्ला उघडपणे दिला जातो. शाळा ज्याला स्वाभिमान शिकविते त्याच मुलाचे दैन्य ती अशा वेळी बाजारात मांडते. ते चित्र इंटरनेटवर राहते. मूल मोठे होते. इमारतीचे, गळक्या छपराचे, मोडक्या बाकांचे छायाचित्र द्यावे. मुलाचे देऊ नये.

आता हिशेबाकडे वळू. समूहनिधीत सर्वांत दुबळा दुवा हाच आहे. निवेदन पालकसंघाचे, खाते मात्र एखाद्या उत्साही पालकाचे किंवा मुख्याध्यापकांचे, असे होता कामा नये. बदली झाली, पाल्य उत्तीर्ण होऊन बाहेर पडला की त्या खात्याचे काय? गणेशोत्सव मंडळांनाही वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. मग शाळेच्या नावाने सर्व जगाकडे मागणाऱ्यांनी कोणालाच विचारू नये काय? प्राप्तिकरातील सवलत त्यासाठी मान्यता मिळालेल्या संस्थेला दिलेल्या देणगीवरच मिळते. नोंदणी नसलेल्या पालकसंघाने तिचे आमिष दाखविणे ही फसवणूक ठरेल. परदेशस्थ माजी विद्यार्थ्यांच्या बाबतीत आणखी काळजी हवी. भारतीय नागरिकत्व कायम असलेल्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठविलेली रक्कम विदेशी देणगी ठरत नाही. परंतु ज्याने परकीय नागरिकत्व स्वीकारले आहे त्याची देणगी विदेशी देणगी नियमन कायद्याच्या (२०१०) कक्षेत येते. नाव जोशी किंवा पाटील असले म्हणून कायदा बदलत नाही.

सरकारी शाळांपुरती तरी यासाठी नवी यंत्रणा निर्माण करण्याची गरज नाही. शिक्षण हक्क कायद्यातील शाळा व्यवस्थापन समिती आहेच. तिच्यातील तीनचतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या सदस्य स्त्रिया असतात आणि सरकारकडून अथवा अन्य मार्गाने आलेल्या निधीच्या विनियोगावर देखरेख ठेवणे हे तिचे कामच आहे. शाळेचा विकास आराखडाही तिनेच करावयाचा असतो. दुर्दैवाने पुष्कळ ठिकाणी ही समिती सह्यांपुरती उरते.

तेव्हा काही मर्यादा आपणच घालून घ्याव्यात. विकास आराखड्यात नोंदलेल्या आणि समितीच्या ठरावाने मंजूर झालेल्या कामासाठीच निधी मागावा. शिक्षकाचा पगार, वीज, पाणी, स्वच्छतागृह या मूलभूत बाबी मागणीपत्रात घालू नयेत. त्यांसाठी शासनाकडे अर्ज करावा आणि त्या अर्जाची तारीख व मिळालेले उत्तर निवेदनात छापावे. पैसे शक्यतो रोख हाती न घेता वस्तुरूपाने मिळवावेत. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील एका शिक्षकाने २००० मध्ये सुरू केलेल्या डोनर्सचूज या संस्थेत शिक्षकाला रोकड मिळत नाही. संस्था साहित्य विकत घेऊन शाळेकडे पाठविते. देणगीदारांचे आकडे जाहीर करू नयेत. मात्र खर्चाचा पैनपै हिशेब, संकेतस्थळाने कापून घेतलेल्या रकमेसह, शाळेच्या फलकावर लावावा. आणि संपन्न शाळांच्या पालकसंघांनी आपल्या निधीचा काही वाटा तालुक्यातील एखाद्या वाडीवरच्या शाळेसाठी राखून ठेवावा. सक्तीने हे साधत नाही, हे पोर्टलंडने दाखविले. स्वेच्छेने साधते का, ते आपण पाहावयास हरकत नाही.

काही शिक्षकमित्र यावर म्हणतील की, एवढे नियम पाळत बसलो तर पावसाळ्यापूर्वी छप्पर होणार नाही. त्यांची तळमळ खरी आहे. गळक्या वर्गात बसलेल्या मुलाला अर्थशास्त्राचे सिद्धांत ऐकवून उपयोग नाही. त्याच्या डोक्यावर यंदाच पत्रा आला पाहिजे. म्हणून निधी अवश्य जमवावा. परंतु तो जमविताना दरवेळी एक प्रश्न लेखी स्वरूपात शासनाला विचारावा : हे काम तुमचे असता आम्हांस का करावे लागले? पत्र्याच्या पावतीला या अर्जाची प्रत जोडली गेली तर वर्गणी ही मागणीचे बळ ठरेल. अर्ज न करता नुसतीच वर्गणी काढीत राहिलो तर पुढच्या वर्षीचे छप्परही आपल्याच माथी येईल, आणि ज्या वस्तीला वर्गणी काढता येत नाही तिच्या मुलांच्या डोक्यावर ते कधीच येणार नाही.