पेडल स्टील गिटार : आरंभ कोठून करावा?

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यांत पोलादाची ओळख कोणाला करून द्यावी लागत नाहीं. लेथवर तें कातणारे, त्यास पाणी देणारे, मायक्रोमीटरनें तें मोजणारे हजारों हात येथें आहेत. तरी पण त्याच पोलादाची एक गुळगुळीत कांडी तारांवरून सरकविली म्हणजे गळ्यांतून निघावी तशी मींड निघते, हें त्यांतल्या पुष्कळांच्या कानांवर नसतें. पेडल स्टील गिटार हें त्या जातीचें वाद्य. परदेशी ध्वनिमुद्रणांतून त्याचा लांबत जाणारा, किंचित् रडवा स्वर ऐकून एखाद्या कामगाराला किंवा अभियंत्याला तें शिकण्याची ओढ लागते. ओढ चांगली आहे. पण वाद्य महाग, बहुधा परदेशांतून मागवावें लागणारें, आणि शिकविणारा जवळपास मिळणें कठीण. आरंभ चुकीच्या टोंकाकडून झाला तर कैक महिन्यांची शिल्लक खाटेखालीं जाऊन पडते. म्हणून पैसे मोजण्यापूर्वीं पेडल हें कशासाठीं असतें, एवढें तरी समजून घेणें अवश्य आहे.

नांवांतील ‘स्टील’ हा शब्द तारांविषयीं नसून डाव्या हातांतील कांडीविषयीं आहे. साध्या गिटारवर बोटानें तार दाबतात. येथें तार दाबावयाची नसते, कांडी तिच्यावर टेकवून सरकवावयाची असते. हवाई बेटांतील जोसेफ केकुकु यानें १८८५ च्या सुमारास ही रीत रूढ केली असें मानतात. आपल्याकडे विचित्र वीणेवर काचेचा गोळा आणि दक्षिणेंतील गोट्टुवाद्यावर ठोकळा याच रीतीनें फिरतो. त्यामुळें हवाई गिटार येथें आली तेव्हां ती फारशी परकी वाटली नाहीं. ताऊ मो यांचें कुटुंब दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत कलकत्त्यास राहून ती वाजवीत असे. मुंबईस व्हॅन शिप्ले यांनीं विजेच्या गिटारवर चित्रपटांतील चाली वाजविल्या. जोधपूरचे ब्रिजभूषण काबरा यांनीं तीवर रागदारी आणली. १९६७ सालच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या तबकडींत शिवकुमार शर्मा यांचें संतूर व हरिप्रसाद चौरसिया यांची बांसरी यांच्या जोडीला काबरांची गिटार आहे. विश्वमोहन भट्ट यांना १९९४ सालीं ग्रॅमी पारितोषिक मिळालें, तें याच कुळांतील मोहनवीणेच्या वादनाबद्दल. यांपैकीं काबरा आणि भट्ट यांच्या रागदारीला पेडलची गरज कधीं पडली नाहीं, ही गोष्ट नवशिक्यानें ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

मग पेडल आलें कशाला? त्याचें कारण पाश्चात्य संगीतांतील स्वरमेळांत आहे. समजा, तीन तारा सा, ग, प अशा लावल्या आहेत आणि तिन्ही एकदम छेडल्या. आतां म, ध, सां हा मेळ हवा असेल तर कांडी पांचव्या पडद्यावर न्यावी लागते. तिन्ही स्वर एकाच मापानें, एकाच वेळीं चढतात. सरळ कांडीला दुसरें कांहीं करतांच येत नाहीं. तिरपी धरून थोडें साधतें, पण थोडेंच. पेडल असलें म्हणजे कांडी जागची हलत नाहीं. एका पायपट्टीनें पंचमाचा धैवत होतो, दुसरीनें गंधाराचा मध्यम होतो, आणि षड्ज मात्र होता तसाच वाजत राहतो. एक माणूस दारांत उभा आहे आणि दोघे जिना चढून गेले, असा कांहींसा तो परिणाम असतो. पेडलें पूर्वींहि होतीं, परंतु तीं मुख्यतः लावणी बदलण्यापुरतीं वापरीत. तार वाजत असतांनाच पेडल दाबून तो चढता स्वर लोकांना ऐकविण्याचें श्रेय बड आयझॅक्स या वादकाकडे जातें. वेब पिअर्स या गायकाचें ‘स्लोली’ हें १९५४ सालचें गीत त्यासाठींच प्रसिद्ध आहे.

यंत्र म्हणून पाहिलें तर तें भोसरीच्या फिटरला चटकन् उमगेल. पायपट्टीचा उभा दांडा एक आडवा शाफ्ट फिरवितो. शाफ्टावरील कोपऱ्याची तरफ दुसरा दांडा ओढते. तो दांडा वादकाच्या उजवीकडील टोंकाशीं तारेखालचा एक छोटा अवयव वळवून तार ताणतो. किती ताणावयाची तें स्क्रूनें ठरतें, आणि पाय उचलला कीं स्प्रिंग सर्व कांहीं पूर्ववत् करते. मोटारसायकलच्या मागच्या ब्रेकाचेंच हें नाजूक भावंड म्हणावें. प्रचारांतील वाद्याला दहा तारा, तीन पायपट्ट्या आणि गुडघ्यानें ढकलण्याच्या चार-पांच तरफा असतात. डावा पाय पट्ट्यांवर, उजवा पाय आवाज कमीजास्त करणाऱ्या निराळ्या पेडलवर. आपल्या नाटकांतील पायपेटीवाल्याचे पाय केवळ भाता चालवीत. येथें पायांनाहि सुरांत राहावें लागतें.

चारहि अवयवांची ही कसरत पहिल्याच दिवशीं अंगावर घेणें शहाणपणाचें नाहीं. सहा तारांची साधी, जुनी गिटार घ्यावी. खुंट्यांजवळच्या खांचांच्या पट्टीवर बसणारी एक उंच टोपी मिळते. ती बसवून तारा उचलून घ्याव्या आणि गिटार मांडीवर उताणी ठेवावी. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत सा प सा ग प सा अशी लावणी करावी. सा पांढरी दोनचा धरला तर चार तारा उतरवाव्या लागतात, चढवावी एकहि लागत नाहीं. दांड्यावर ताण येत नाहीं. कांडी सुमारें २२ मिलिमीटर जाड, आठ सेंटिमीटरांहून थोडी लांब, वजनानें पाव किलोच्या आसपास. ती ओळखीच्या टर्नरकडूनहि करून घेतां येईल. पण एक टोंक गोल आणि पृष्ठभाग आरशासारखा हवा. बोटाला न कळणारा ओरखडा तारेवर खरखरतो.

खरी परीक्षा कानाची आहे. येथें पडदे म्हणजे केवळ रेघा. कांडी नेमकी रेघेच्या माथ्यावर आली पाहिजे, आणि डोळा तेथें फसवितो : मान जरा डावीकडे झुकली तरी कांडी रेघेवर दिसते आणि स्वर उतरलेला असतो. म्हणून तंबोरा लावावा, मोबाइलवरचाहि चालेल. बारीक तारेवर मोकळा सा वाजवून पांचव्या पडद्यावर म, सातव्यावर प, बाराव्यावर तार सा, असें सावकाश जावें. हात मुळींच थरथरवूं नये. नवशिका कंप फार लवकर उचलतो, कारण कंपाच्या बुरख्याखालीं बेसूर झांकतो. कांडीमागची बोटें तारांवर हलकीं टेकलेलीं असावीं, नाहीं तर मागचा निम्मा भागहि कुजबुजत राहतो. उजव्या तळहातानें नको असलेली तार दाबून मुकी करणें ही तर निराळीच विद्या आहे. स्वच्छ वादनाचा मोठा वांटा तिचाच. तिसऱ्या पाळीवरून परतलेल्या माणसालाहि दिवसाकांठीं वीस मिनिटें एवढें जमतें.

या अभ्यासांत कित्येकांना उमजतें कीं आपल्याला मींडच हवी होती, मेळ नव्हता. त्यांनीं खुशाल मांडीवरच्या गिटारवर राहावें. ज्याला तो स्थिर षड्ज आणि भोंवतालचे हलते स्वर हवेच असतील, त्यानें मग पेडलचें वाद्य मागवावें. तेव्हां प्रथम कांडी एकाच जागीं ठेवून पाय तेवढे चालवावे. प्रचलित लावणींत मोकळ्या तारांचा सा पांढरी तीनचा. तेथें तिसरी, चौथी, पांचवी या तारा ग, सा, प बोलतात. पहिली पट्टी प चा ध करते, तिसरी सा चा रे करते. कांडी न हलवितां भूपाचे पांचहि स्वर हातीं येतात, आणि पाय हळू दाबला तर प वरून ध वर जाणारी मींडहि.