*कुत्र्याच्या गोचिडावर कपाशीचं औषध टाकू नका*



पावसाळ्यात वावरातल्या कुत्र्याच्या अंगावर गोचीड वाढतात. मग पंपात उरलेलं औषध, नाहीतर बाटलीतलं झाकणभर औषध पाण्यात टाकून कुत्र्याच्या अंगावर चोळलं जातं. "गोचीड पटापट गळतात" असं सांगतात. गळतात, हे खरं. पण त्यात कुत्रं जाऊ शकते.

2017 च्या फवारणीच्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेने 20 हून जास्त शेतकरी-मजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. फवारताना अंगावर उडालेलं औषध कातडीतून आत जातं, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉससारखी औषधं कुत्र्याच्याही कातडीतून तशीच आत जातात. वरून कुत्रं अंग चाटते, म्हणजे विष पोटातही जातं. चोळणाऱ्याच्या हातालाही लागतं, आणि लेकरं त्याच कुत्र्याशी खेळतात.

*विषबाधेची लक्षणं:* तोंडातून लाळ गळणे, उलटी, पातळ संडास, अंग थरथरणे, डोळ्याची बाहुली बारीक होणे, धाप लागणे.

*अशा वेळी काय करायचं?*
1) हातमोजे घाला. नसतील तर प्लास्टिकची पिशवी हाताला बांधा. साबण आणि भरपूर पाण्याने कुत्र्याचं अंग धुवा.
2) दूध, तूप, ताक काहीच पाजू नका. थरथरणाऱ्या जनावराला पाजलेलं श्वासनळीत जाऊ शकते.
3) लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या किंवा 1962 वर फोन करा. औषधाची बाटली सोबत घ्या. नाव कळलं की डॉक्टरला इलाज ठरवता येतो. काही औषधांवर ॲट्रोपिनचं इंजेक्शन चालते, सगळ्यांवर नाही.

*मग गोचिडाचं काय करायचं?*
▪️ थोडे असतील तर चिमट्याने कातडीला लागून धरा, सरळ ओढा आणि साबणाच्या पाण्यात टाका. नखाने चिरडू नका.
▪️ जास्त असतील तर डॉक्टरला कुत्र्याचं वजन सांगून औषध घ्या. गुरांचं गोचिडाचं औषध किंवा इंजेक्शन अंदाजाने देऊ नका.
▪️ गोचिडाची मादी खाली पडून भिंतीच्या भेगेत, पोत्याखाली हजारांनी अंडी घालते. म्हणून कुत्र्याची बसायची जागा झाडा, पोतं बदला, भेगा बुजवा. नाहीतर पंधरा दिवसांत पुन्हा तेच.
▪️ कुत्रं खात नसेल, ताप असेल, हिरड्या पांढुरक्या झाल्या असतील किंवा नाकातून रक्त येत असेल तर तो गोचीड ताप असू शकतो. थांबू नका, दाखवा.

दवाखान्यात नेलंच आहे तर रेबीजची लसही टोचून घ्या. ती दरवर्षी लागते.

फवारणीच्या दिवशी कुत्रं घरी बांधा. ड्रम आणि रिकाम्या बाटल्या उघड्यावर ठेवू नका. रात्रभर रोही-डुकरांवर भुंकून तुमचं पीक राखणारा तो गडी आहे. त्याला पिकाच्याच औषधाने मारू नका.

— तुमचा कृषी सल्लागार